भेगेशेजारची तारीख

आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यावरून वर जाताना वळणावर एक खिडकी आहे. तिच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी उतरत गेली आहे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीची बारीक आडवी रेघ आणि शेजारी तारीख : १६/५/१९९८. त्याखाली दोन बोटं सोडून दुसरी रेघ, २०/५/२००३. मग तिसरी, २००९ च्या मे महिन्यातली. चौथी नाही. भेग मात्र तिसऱ्या रेघेच्या खाली चांगली वीतभर आली आहे. अक्षर बाबांचं. जिन्याला मधल्या काळात कोणी रंगच दिला नाही, म्हणून ते राहिलं.

दर्यापूर हे आमचं तालुक्याचं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी आणि खोल, भुईतलं पाणी खारं. पिण्याचं पाणी शहानूर धरणावरून नळानं येतं, त्याला आम्ही गोडं म्हणतो. घर म्हटलं की ओसरी, अंगण, मागे गोठा, अशी इथली रीत. त्यात १९९१ मध्ये बसस्टँडपासून दहा मिनिटांवर आमची इमारत उभी राहिली. तळमजला धरून चार मजले, सोळा ब्लॉक. म्हातारी माणसं अजूनही फ्लॅट म्हणत नाहीत, ब्लॉकच म्हणतात. राहणारे कोण, तर आमच्यासारखे शिक्षक, पंचायत समितीतले एकदोघे, एक जिनिंगवाले, आणि निम्मे आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी. लेकरांच्या शिक्षणासाठी त्यांनी ब्लॉक घेतले. बाई आणि लेकरं इथे, घरधनी वावरात. शाळेला सुट्ट्या लागल्या की अर्धे ब्लॉक कुलूपबंद.

बाबा १९९३ मध्ये सोसायटीचे सचिव झाले आणि २०१५ पर्यंत राहिले. निवडणूक कधी झाल्याचं मला आठवत नाही. दर वर्षी सभेत कोणीतरी म्हणायचं, "मास्तर हायेत ना, मंग काय पाह्यचं?" आणि सभा संपायची. आमच्या घरी दारामागे खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा टांगलेला असायचा. मोटरघर, मीटरची खोली, गच्ची, टाक्यांची झाकणं. गच्चीवर टाक्या दोन, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. दोन्हींचे पाइप एकमेकांना चिकटून खाली येतात. बाबांनी हिरव्या ऑइलपेंटनं एकावर 'गोडं' आणि दुसऱ्यावर 'खारं' असं प्रत्येक मजल्यावर लिहून ठेवलं होतं. रात्री अकरा वाजता दार वाजलं की आई न विचारता टॉर्च काढून द्यायची.

त्यांचं एक लांबट रजिस्टर होतं. ते गेल्यावर मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. 'मोटर जळाली. रिवाइंडिंग ८५०. जमा ५५०. स्वतःकडून ३००.' 'टाकी धुतली. गडी दोन.' 'जिन्यातली भेग. रुपया आत जातो.' ही शेवटची नोंद दर मे महिन्यात आहे. आणि दर सप्टेंबरअखेरीला तिची जोडनोंद : 'जिन्यातली भेग. रुपया जात नाही.' वर्षानुवर्षं रुपयाचं नाणं घेऊन ते भेग मोजत होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही. 'स्वतःकडून' हे शब्द मात्र कळले. बावीस वर्षांतल्या तेवढ्याच रकमा घेऊन मी बेरीज केली. एकेचाळीस हजारांच्या वर गेली. तेही शिक्षकाच्या त्या काळच्या पगारातून. आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले मालूम होतं."

बाबा २०१६ मध्ये गेले. त्यानंतरची सहा वर्षं इमारतीला कोणीच नव्हतं. सचिव कागदावर होते, एक सोडून दोनदा बदलले. पण कोणाचं पोट त्या कामावर नव्हतं आणि कोणाचा जीवही त्यात अडकलेला नव्हता. जिन्यातले दिवे गेले. खाऱ्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं, ते महिनाभर कोणी उचललं नाही. कोणीतरी प्लंबर बोलावला, त्यानं व्हॉल्व्ह बदलताना गोड्याची लाइन खाऱ्याला जोडली आणि तळमजल्यावरच्यांच्या डाळी शिजेनात तेव्हा तो गोंधळ कळला. किल्ल्या आमच्याच दारामागे होत्या. मागायला यायचे, घेऊन जायचे, आणून द्यायचे विसरायचे. आणि मीही, मला हे लिहिताना जड जातं, रोज त्या भेगेजवळून कॉलेजला जात होते आणि चौथी रेघ मारली नाही.

मग २०२२ चा जुलै. तीन दिवसांची झड लागली होती. पहाटे चारच्या सुमारास मोठा आवाज झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीचा छज्जा तुटून खाली पडला होता. सकाळी सात वाजता बरोबर तिथेच लेकरांचा शाळेचा ऑटो उभा राहतो. सात-आठ लेकरं दप्तरं घेऊन त्या छज्ज्याखाली थांबतात, पावसात तर हमखास, कारण आडोसा तोच. कोणाला काही झालं नाही. पण मी खाली उभी राहून ते तुकडे पाहत होते तेव्हा माझे पाय लटपटत होते. सळईच्या जागी तपकिरी पापुद्रे होते, बोटानं चुरडले की भुगा.

त्या खिडकीत कूलर होता. विदर्भात मार्च ते जून कूलरशिवाय माणूस राहू शकत नाही, आणि आमच्याकडे कूलरचा स्टँड खिडकीबाहेर छज्ज्यावर टेकवायची पद्धत आहे. कूलरमध्ये पाणी घालतात ते बोअरचं, खारं. दोन महिन्यांत गवताच्या पॅडवर मिठाचे पांढरे थर जमतात. तेच पाणी चार महिने थेंब थेंब छज्ज्यावर पडत राहतं. ऊन ते पाणी उडवतं, मीठ तिथेच राहतं. तीस उन्हाळे असं झालं. आमच्या सोळा ब्लॉकमध्ये असे बावीस छज्जे होते.

सभा भरली तेव्हा पहिल्यांदा सगळे आले, वावरातले घरधनीसुद्धा. मी एका मुलाचं नाव सुचवलं. माझाच विद्यार्थी. अमरावतीला सिव्हिलचा डिप्लोमा करून तो सहा वर्षं पुण्यात सोसायट्यांच्या व्यवस्थापनाचं काम करत होता. वडील आजारी पडले म्हणून परत आला. आता दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर मिळून पाच जुन्या इमारती सांभाळतो. ब्लॉकमागे महिन्याला दोनशे रुपये घेतो. वसुली, हिशेब, टाक्या, मोटरी, सभेच्या नोटिसा, कागदपत्रं, सगळं त्याच्याकडे. दुरुस्तीच्या कामावर देखरेख वेगळी.

एक काकाजी उठले. बाबांचे जुने स्नेही. म्हणाले, "मास्तर होते तवा एक रुपया लागला नाही. फुकटात होत होतं ते काम, आता पैसे देऊन मानूस काहून ठेवाचा जी?"

मला राग आला नाही. बाबांबद्दलची मायाच होती त्यात. पण 'फुकटात' हा शब्द ऐकून मी रजिस्टर उघडलं आणि 'स्वतःकडून'च्या नोंदी एकेक वाचत गेले. रकमाच वाचल्या, दुसरं काही बोलले नाही. पाचसहा पानं झाल्यावर काकाजींनी हात वर केला. "पुरे कर बाई," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ठराव त्यांनीच मांडला.

त्यानंतरच्या वर्षभरात मी जे पाहिलं त्यानं माझी बऱ्याच गोष्टींबद्दलची समजूत बदलली. या मुलाचं पहिलं काम काय असेल, तर तो दोन दिवस नुसता फिरला. हातात वही. कोणता पाइप कुठून येतो, कोणता व्हॉल्व्ह काय बंद करतो, कोणत्या मीटरवर जिन्याचे दिवे आहेत. बाबांच्या जुडग्यातल्या अकरा किल्ल्यांपैकी नऊंची कुलपं त्यानं शोधून काढली आणि प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला लावला. मग जिन्यातल्या भेगेपाशी थांबला. "मॅडम, हे कोणी लिहिलं?" मी रजिस्टर दाखवलं. तो पायरीवर बसून वाचत राहिला.

अमरावतीहून स्ट्रक्चरल इंजिनियर आले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी अशी तपासणी करून घ्यायची असते. आमची २०२१ मध्ये तिशी ओलांडून गेली होती आणि एकदाही झाली नव्हती. त्यांनी बाबांच्या नोंदी पाहिल्या आणि म्हणाले, हे बावीस वर्षांचं निरीक्षण कुठल्याही यंत्रानं मला आज मिळणार नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचा तो गुण. वावरात मे महिन्यात भेगा पडतात, त्यात हात जातो. त्याच मातीवर इमारत उभी आहे, ती मातीबरोबर श्वास घेते. मे महिन्यात रुपया आत जातो, पावसाळ्यानंतर जात नाही, याचा अर्थ ही भेग ऋतूबरोबर उघडते-मिटते. एकाच बाजूला सतत रुंदावत गेली असती, तर पाया खचतोय म्हणून काळजी करावी लागली असती. इथे उपाय सोपा. इमारतीभोवती फरशीचा पट्टा करा, गळकी गटारं बांधा, पायाजवळच्या मातीत पाण्याची चढउतार होऊ देऊ नका. मी ऐकत होते आणि मनात बाबांच्या खिशातलं ते नाणं येत होतं.

खरी भीती दुसरीकडे होती. छज्ज्यांत आणि पार्किंगच्या दोन खांबांत. तिथल्या भेगा तिरप्या नव्हत्या. सळईच्या रेषेवर सरळ, आणि कडेनं गंजाचा तांबूस ओघळ.

इंजिनियरनी खांबाचा एक लहान तुकडा फोडला आणि ताज्या पृष्ठभागावर बाटलीतून पाण्यासारखा द्रव फवारला. मी बाटलीवरचं नाव वाचलं, फेनॉल्फ्थॅलीन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं मी मुलांकडून टायट्रेशन करून घेतलं, त्यातलंच हे दर्शक. काँक्रीट चांगलं असतं तेव्हा त्यात चुन्याचा अल्कधर्म असतो आणि तो सळईला गंजापासून राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून तो गुण मारत जातो. फवारल्यावर काँक्रीट गुलाबी झालं तर ते जिवंत, रंग आला नाही तर तो थर मेलेला. बाहेरचा दोनेक सेंटिमीटरचा थर तसाच राखाडी राहिला. आतला सुंदर गुलाबी झाला, कण्हेरीच्या फुलासारखा. मला हायसं वाटलं. इंजिनियरना नाही. सळई त्या गुलाबी भागातही गंजली होती. "मॅडम, हे मिठाचं काम," ते म्हणाले. मिठातलं क्लोराइड असलं की अल्कधर्मी काँक्रीटमध्येही सळईवरचं संरक्षक कवच फुटतं. काँक्रीटचा चुरा प्रयोगशाळेत गेला आणि तेच निघालं. १९९१ मध्ये बांधकामाच्या जागेवरच्या बोअरचं पाणी वापरलं होतं, असं जुनी माणसं सांगतातच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. म्हणजे आमच्या इमारतीच्या हाडांत जन्मापासून मीठ आहे.

हे काढून टाकता येत नाही, जपत राहता येतं. म्हणून सैल काँक्रीट फोडून सळई ब्रशनं घासून साफ करायची, जिथे बारीक झाली तिथे नवी जोडायची, गंजरोधक लावायचं, पॉलिमर मॉर्टरनं भरायचं, दोन खांबांना बाहेरून नवं काँक्रीटचं वेष्टण घालायचं. आणि या सगळ्याला पाणी गोडं. दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी गवंड्यानं सवयीनं खाऱ्याच्या नळाला पाइप लावला. मुलानं तो काढला आणि तयार केलेला सगळा माल फेकायला लावला. गवंडी चिडला, निघून जायला लागला. हा हात जोडून त्याच्यासमोर उभा राहिला, पण माल वापरू दिला नाही. बाबांनी हे केलं असतं का? त्यांना बहुतेक माहीतच नसतं. जीव लावणं त्यांच्याकडे होतं, पण मॉर्टरचं शास्त्र नव्हतं, आणि ते असायला हवं होतं अशी अपेक्षा करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पैशाचं सांगते, कारण जुन्या इमारतींचं अर्धं दुखणं तिथे आहे. आदर्श उपविधींत सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के सांगितला आहे. आमच्या ब्लॉकचा १९९१ चा बांधकाम खर्च दीड लाख धरला तर दोन्ही मिळून वर्षाला पंधराशे रुपये होतात. तेही आम्ही भरत नव्हतो. भरले असते तरी आजच्या गवंड्याच्या मजुरीपुढे पुरले नसते. 'किमान' या शब्दाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. सर्वसाधारण सभेला जास्त ठरवता येतं. आम्ही ठरवलं.

पण वसुली कशी करायची? पुण्यात पगार महिन्याला येतो, म्हणून बिलं महिन्याला. इथे निम्म्या घरांत पैसा हंगामावर येतो. सोयाबीन निघालं की थोडा, कापूस विकला की मोठा, तूर-हरभरा आला की पुन्हा. ऑगस्टमध्ये बिल पाठवलं तर तो माणूस थकबाकीदार ठरणारच, आणि एकदा ते लेबल लागलं की तो सभेला यायचा बंद होतो. मुलानं वर्षाचे दोन हप्ते केले, एक दिवाळीनंतर कापसाच्या हातावर, दुसरा मार्चमध्ये. पहिल्याच वर्षी सोळापैकी चौदा ब्लॉकचे पूर्ण पैसे आले. हे कुठल्या पुस्तकात नसतं. गावातला माणूस या कामात हवा तो यासाठी.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. त्याच्या इमारतीलाही तिथे ब्लॉकच म्हणतात, आणि हे काम करणाऱ्यांचा तिथे रीतसर व्यवसाय आहे. १९८५ च्या एका कायद्यानं तिथे असं बंधन आहे, की दुरुस्तीचा भार एका घरावर २५० पौंडांपेक्षा जास्त पडणार असेल तर आधी लेखी नोटीस द्यायची, तीस दिवस हरकती ऐकायच्या, मग अंदाजपत्रकं दाखवायची, पुन्हा तीस दिवस थांबायचं. हे केलं नाही तर सहसा घरामागे २५० पौंडांच्या वर वसूल करता येत नाही. भाचा बिलं वाढतात म्हणून कुरकुर करतोच. पण मला ती दोन वेळची तीस दिवसांची थांबण्याची रीत आवडली. आमच्याकडेही मुलानं दुरुस्तीची तीन अंदाजपत्रकं जिन्यात महिनाभर लावून ठेवली. वाचता न येणाऱ्या एका आजींनी नातवाकडून वाचून घेतली आणि त्यातली मचाणाची रक्कम दोनदा धरल्याची चूक त्या नातवानं काढली.

थकबाकीच्या दोन घरांपैकी एक तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. चार वर्षांची बाकी. उपविधींप्रमाणे तेव्हा बाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होतं, सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुलीचा दाखलाही मिळवता येतो. नोटिशीचा मसुदा पाहून मला रात्री झोप लागली नाही. एकट्या बाईवर ही कारवाई करायची? मी व्यवस्थापन पाहणाऱ्या आमच्या मुलाला थांब म्हणायला गेले, तर तो आधीच वर जाऊन आला होता. काका गेल्याला पाच वर्षं झाली होती आणि बिलं अजून त्यांच्याच नावानं निघत होती. मेलेल्या नवऱ्याच्या नावाचा कागद हातात घेणं काकूंना सोसत नव्हतं. त्या तो न उघडता देवघराखालच्या फडताळात ठेवत गेल्या. सुरतेतला मुलगा म्हणायचा, ब्लॉक आईच्या नावावर झाला की भरतो. आमच्या व्यवस्थापक मुलानं बाबांची लोखंडी पेटी उघडली. काकांचं नामनिर्देशनपत्र त्यात होतं, बाबांच्या हाताच्या नोंदीसह. तीन महिन्यांत सभासदत्व काकूंच्या नावे झालं, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचं पहिलं बिल आलं त्याच आठवड्यात पैसे जमा झाले.

ज्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले, ते आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातलं. त्यांच्या झाडूबद्दल सगळे बोलतात. मला हल्ली त्यांच्या धर्मशाळा जास्त आठवतात. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. बांधून झाल्यावर त्यांनी त्या स्वतःकडे ठेवल्या नाहीत, विश्वस्त नेमून, कागद करून दिल्या. आपण नसताना ती इमारत कोण पाहील, हा विचार त्यांनी आपण असतानाच केला होता. बाबांनी आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तेवढंच करायचं राहू दिलं होतं.

आमची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरनं करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज अमरावतीच्या जिल्हा उपनिबंधकांकडे देण्यासाठी तयार होतो आहे. छज्ज्यांपैकी चौदा झाले, आठ बाकी आहेत. कूलर आता सगळ्यांचे जमिनीवरच्या लोखंडी घोड्यावर आहेत आणि त्यांचं पाणी पाइपनं खाली जातं. भेगेवर मुलानं काचेची पातळ पट्टी चिकटवली आहे. भेग सरकली तर ती तडकेल. पट्टीखाली त्यानं पेन्सिलीनं तारीख टाकली. ऑइलपेंट का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "सरांनी पेन्सिलीनंच लिवलं ना, मॅडम."

येत्या रविवारी टाक्या धुणार आहेत. गोडं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा, असा निरोप मोबाइलवर आला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तो वाचता येत नाही. त्यांना सांगून यायचं आहे, आणि येताना काचेची पट्टीही बघायची आहे.